पिवळे म्हणजे वाचू नये

९ जानेवारी

आदरणीय ग्रंथपाल बाई यांस,

सादर नमस्कार.

आपला आणि माझा पत्रव्यवहार आजवर कधी झाला नाही. आमच्या घरातून आपल्याला पत्रे जात ती माझ्या पत्नीची, आणि आपली येत ती तिच्या नावाची. महाविद्यालयात आपण दोघी एका बाकावर बसत होतात तेव्हापासून चाळीस वर्षे हा क्रम चालला. तिला जाऊन आज पाच महिने आणि चार दिवस झाले. आता या घरातून पत्र लिहिणारा मी एकटाच उरलो आहे, म्हणून हे धाडस.

सोबत तिच्या ग्रंथाची पहिली मुद्रिते पाठवीत आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस होऊन गेलेल्या, नाव अज्ञात असलेल्या ज्या कवयित्रीला आपण दोघी ‘विणकरीण’ म्हणत असा, तिच्या कवितांची ही प्रस्तावनेसह संपादित आवृत्ती. कवितांची एकमेव पोथी आपल्या हस्तलिखित विभागात आहे. तेव्हा मुद्रिते पोथीशी ताडून पाहण्यास आपल्याहून योग्य व्यक्ती नाही. प्रकाशकांना ती २५ फेब्रुवारीपर्यंत परत हवी आहेत. त्यानंतर छपाई सुरू होईल.

मजकूर तिने सात वह्यांत हाताने लिहून ठेवला होता. टंकलेखन मी स्वतः, दोन बोटांनी, चार महिन्यांत केले. ग्रंथात माझे एकही अक्षर नाही. तिने ठेवले ते ठेवले, तिने रद्द केले ते गाळले. हस्तक्षेप केवळ एक: ‘कवयित्री’ हा शब्द तिला अखेरपर्यंत नीट लिहिता आला नाही. ती ‘कवियत्री’ असे लिही. माझ्या निवृत्तीनंतर ती प्रत्येक प्रकरण मला वाचावयास देऊ लागली, आणि प्रत्येक प्रकरणात मी हाच शब्द लाल पेन्सिलीने दुरुस्त करीत असे. उपयोग झाला नाही. छापावयाच्या प्रतीत हा शब्द एकशे त्र्याहत्तर ठिकाणी शुद्ध केला आहे.

आपल्याला ती ‘डिंका’ म्हणत असे हे मला ठाऊक आहे. परंतु ते संबोधन वापरण्याचा मला अधिकार नसल्याने पदनामाने लिहिले आहे. राग नसावा.

आपला,
विश्वासू


१७ जानेवारी

प्रिय भावोजी,

ग्रंथपाल बाई! तुमच्या लग्नाच्या नोंदणीला साक्षीदार म्हणून माझी सही आहे, विसरलात? ‘अक्षर सुवाच्य नाही’ म्हणून तुम्ही ती मला दोनदा करायला लावली होतीत. नवरी बाजूला तोंड दाबून हसत होती. त्या दिवसापासून मी तुम्हाला भावोजी म्हणते, फक्त तुमच्या कानावर पडलं नव्हतं. आणि मी डिंकाच. जन्मभर फाटके कागद चिकटवले, दुसरं काय म्हणणार मला? तिला मी भिंगरी म्हणायची, हे तरी माहीत आहे ना? एका जागी बसायची नाही कधी. आणि मग अकरा वर्षं माझ्या विभागाच्या खिडकीशी बसली, एका पोथीसाठी.

प्रुफं मिळाली. पाकीट उघडल्यावर आधी वास घेतला, मग रडले, मग चष्मा पुसून वाचायला बसले. टंकलेखन सुरेख आहे. एक स्वल्पविराम इकडचा तिकडे नाही. दोन बोटांना माझा नमस्कार.

पण भावोजी, पान एकेचाळीसवर हे काय छापलंय?

तुटला धागा, सांधीत होते
ईश्वर स्मरून;
म्हणून तुझ्या हाकेला ओ
गेली राहून.

हे तर कारकुनाचं! विणकरणीला लिहिता येत नव्हतं. ती मागावर बसून कविता सांगायची आणि तिचा कारकून नवरा लिहून घ्यायचा. उतरवून झाल्यावर न आवडलेल्या शब्दांवर पिवळा हरताळ फासून तो वर आपले सभ्य शब्द घालायचा. तिनं सांगितलं होतं ‘ओठांत धरून’. तुटलेला धागा सांधायचा तर टोक ओठांत धरून ओलं करावं लागतं. तोंडात धागा असताना बाई नवऱ्याला ओ कशी देणार? एवढी साधी, एवढी गोड गोष्ट, आणि कारकुनानं तिला ध्यानाला बसवली. हरताळाची पूड झडत गेली आणि सव्वादोनशे वर्षांनी खालचे ओठ भिंगरीला दिसले. दिसले त्या दिवशी ती माझ्या विभागात एवढ्या मोठ्यांदा ओरडली की शिपाई धावत आला.

त्या ओठांसाठी हे पुस्तक आहे. आणि पुस्तकात ते नाहीत. पुढं पाहिलं तर आणखी कितीतरी ठिकाणी असंच. काय झालंय?

आणि अर्पणपत्रिका कुठंय? फोनवर म्हणाली होती की लिहून झाली आहे. मजकूर मात्र सांगितला नाही. ‘छापल्यावर वाच’ म्हणाली.

तुमची,
डिंका


२४ जानेवारी

आदरणीय डिंकाबाई यांस,

सादर नमस्कार. (पदनाम सोडले आहे, याहून पुढे जाणे तूर्त जमणार नाही.)

आपल्या पत्रातील ‘काय झालंय?’ या प्रश्नात मला किंचित आरोप जाणवला. तो अनाठायी आहे हे नम्रपणे नमूद करतो. आपण म्हणता त्या ओळी वह्यांत होत्या, हे खरे. परंतु त्या तिने स्वतः रद्द केल्या आहेत. एकंदर दोनशे चौदा ठिकाणी तिने मजकूर रद्द केला आहे आणि मी तो तिच्या इच्छेनुसार गाळला आहे. मला त्यातील काही ओळी आवडल्या होत्या. परंतु माझ्या आवडीचा येथे प्रश्न नव्हता. विद्वान व्यक्ती अखेरच्या वाचनात अशा निर्णयांप्रत येतात. कदाचित खालची अक्षरे आपण म्हणता तितकी स्पष्ट नाहीत असे तिला वाटले असेल.

त्या कारकुनाविषयी आपण फार कठोर लिहिता. माझी पत्नीही बोले. मी स्वतः शासनाच्या मसुदा विभागात एकतीस वर्षे काढली असल्याने त्याची बाजू मांडण्याची मुभा घेतो. ते शतक ध्यानी घ्यावे. त्या काळी कविता म्हणजे राजदरबाराचा थाट, अलंकार, आश्रयदात्याच्या कुळाची स्तुती. ओठ, थुंकी आणि तुटका धागा कवितेत आणणाऱ्या बाईची त्या मंडळींनी टिंगल केली असती. कारकुनाने तिला त्यांच्यासमोर उभे राहता येईल असे वस्त्र दिले. शिवाय ‘ओठांत धरून’ आणि ‘ईश्वर स्मरून’ ही अक्षरसंख्येने समान आहेत, यमकही सांभाळले आहे. कोणत्याही मसुद्यात याहून चोख दुरुस्ती मी पाहिलेली नाही. त्याने लिहून ठेवल्या नसत्या तर त्या कविता आज ना आपल्याला मिळत्या, ना मला.

अर्पणपत्रिका मला आढळली नाही.

आपला,
विश्वासू


३० जानेवारी

प्रिय भावोजी,

‘आदरणीय डिंकाबाई’ हे म्हणजे गोंदाच्या बाटलीला फेटा बांधल्यासारखं झालं. पण असो, प्रगती आहे.

तुमच्या कारकुनाची बाजू ऐकून घेतली. चोख दुरुस्ती! मीही त्याच्या अक्षरावर तीस वर्षं प्रेम केलंय, म्हणून सांगते: माणूस वाईट नव्हता, पण बायकोचं बोलणं ऐकता ऐकता त्याचा हात आपोआप पिवळ्या वाटीकडे जायचा. असे असतात काही लोक. मी कुणाचं नाव घेत नाही.

खरं काम पुढं. ‘रद्द केल्या’ म्हणता, त्या कशा? काट मारली? पान फाडलं? समासात काही लिहिलं? कारण मला हे पटत नाही. जुलैच्या शेवटी, म्हणजे जायच्या आठ दिवस आधी, तिचं पत्र होतं की ‘ओठ’ तिनं प्रस्तावनेच्या पहिल्या परिच्छेदात घेतले आहेत. आठ दिवसांत विद्वान माणसं एवढी बदलत नाहीत, आणि भिंगरी तर आठ वर्षांत बदलली नसती.

वहीतलं एक पान मला पाठवा. अस्सल. तुमचा जीव वर-खाली होईल, ठाऊक आहे. मी अठराव्या शतकातले कागद सांभाळते, एकविसाव्यातलं एक पान सांभाळीन.

डिंका


५ फेब्रुवारी

आदरणीय डिंकाबाई,

चौथ्या वहीचे एकशेबारावे पान नोंदणीकृत टपालाने पाठवीत आहे. दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवले आहे. कृपया घडी घालू नये.

रद्द करण्याची पद्धत आपल्याला पान पाहताच कळेल, तरी स्पष्ट करतो. तिसऱ्या प्रकरणात तिने स्वतः लिहिले आहे की, जुन्या काळी लेखनिक चुकलेल्या अक्षरांवर हरताळ नावाचा पिवळा खनिज रंग डिंकात खलून लावीत, आणि त्यावरून ‘हरताळ फासणे’ म्हणजे नाहीसे करणे हा वाक्प्रचार आला. पुढे तिचे शब्द असे: ‘या पोथीचा नियम सोपा आहे. पिवळे म्हणजे वाचू नये.’

वह्यांमध्ये तिने हाच नियम पाळला आहे. रद्द करावयाच्या दोनशे चौदा ठिकाणी तिने मजकुरावर पिवळा रंग दिला आहे. हरताळ आता मिळत नाही आणि विषारीही असतो. म्हणून तिने तशाच रंगाची आधुनिक लेखणी वापरलेली दिसते. तिच्या खणात अशा तीन लेखण्या मिळाल्या, पैकी दोन संपलेल्या. आपल्या विषयाशी इतके एकरूप होणे तिच्या स्वभावास धरूनच होते.

आता आपली खात्री पटेल अशी आशा आहे.

आपला


११ फेब्रुवारी

भावोजी,

ते हायलायटर आहे.

आधी हसू आलं. मग एकशेबाराव्या पानावर पिवळं काय आहे ते वाचलं आणि हसू गेलं.

आजकालच्या मुली परीक्षेआधी पुस्तकात जे सगळ्यात महत्त्वाचं असतं ते पिवळ्या पेनानं रंगवतात. झाकायला नाही, सापडावं म्हणून. तुमच्या मसुदा विभागात लाल आणि निळ्या पेन्सिलींपुढं जग गेलंच नाही का? तिचं गेल्या मार्चमधलं पत्र समोर आहे. उतरवून देते:

‘डिंके, कारकुनाने पिवळे लावून जे झाकले, तेच नेमके राखण्यासारखे निघाले. म्हणून मीही आता वहीत तसेच करणार. काही झाले तरी गाळायचे नाही, त्याला पिवळे. दुकानातून तीन पेने आणली. विक्रेती म्हणाली, मुलीची परीक्षा का? मी म्हटले, माझी.’

ज्या शब्दांसाठी तिनं अकरा वर्षं डोळे फोडले, तेवढेच तुम्ही वेचून वेचून काढलेत. दोनशे चौदा. एकही सुटला नाही. हे असंच छापलं तर जगात पुन्हा कारकुनाचीच कविता राहील, आणि या खेपेला मुखपृष्ठावर भिंगरीचं नाव असेल.

कारकुनाचं काम तुम्ही दुसऱ्यांदा केलंत, भावोजी. त्याच्याहून चोख.

२५ तारखेला चौदा दिवस आहेत.

डिंका


२१ फेब्रुवारी

भावोजी,

दहा दिवस झाले. कारकुनाची ती दोन वाक्यं मी लिहायला नको होती. लिहून झाल्यावर पाकीट लगेच चिकटवलं, तिथंच चुकलं. चिकटवायची घाई हा माझा धंद्यातला दोष आहे.

छापखान्यात फोन केला. ते म्हणाले, ‘काही सांगता येत नाही, साहेबांशी बोला.’ साहेब म्हणजे तुम्ही. तुमच्या घरी फोन वाजतो आणि कुणी उचलत नाही.

रागवा, भांडा, माझी चार वाक्यं लाल पेन्सिलीनं दुरुस्त करून परत पाठवा. पण ओ द्या.

डिंका


२८ फेब्रुवारी

प्रिय डिंकाबाई,

ओ.

आपले ११ तारखेचे पत्र मिळाले त्याच दिवशी मी प्रकाशकांकडे जाऊन छपाई थांबवली. त्यांनी कारण विचारले. ‘टंकलेखकाची चूक’ असे मी सांगितले. ते म्हणाले, ‘असला टंकलेखक बदला.’ मी म्हणालो, बदलण्याचा प्रयत्न चालू आहे. त्यांनी एप्रिलपर्यंत मुदत दिली. त्यानंतर मी वह्या घेऊन बसलो. फोन वाजत होता हे ऐकू येत होते. परंतु एक हात पिवळ्या ओळीवर आणि एक कळफलकावर असल्याने उचलता आला नाही. दोनशे चौदापैकी दोनशे तेरा ठिकाणे जशीच्या तशी परत घातली आहेत. दुसरी मुद्रिते आली की आपल्याला पाठवतो.

एकेचाळिसावे पान मी सर्वांत शेवटी केले. कारण सांगतो, म्हणजे माझे मौन आपल्याला उद्धट वाटणार नाही. ५ ऑगस्टला सकाळी ती तिच्या टेबलाशी लिहीत होती. मी स्वयंपाकघरातून हाक मारली की चहा निवतो आहे. ओ आली नाही. पुन्हा हाक मारली. तिसऱ्या वेळी मी मोठ्याने म्हणालो, ‘लिहिताना माणसाला कान नसतात काय?’ तिच्याशी बोललेले ते माझे शेवटचे वाक्य. व्याकरणदृष्ट्या निर्दोष. आत गेलो तेव्हा पिवळ्या पेनाचे टोपण तिच्या ओठांत होते. हाताने पेन चालवताना ते ती नेहमी तसे धरी. मी ते काढून ठेवले आणि मग वैद्यांना बोलावले.

ती कविता मी टंकलेखन करताना वाचलीच नव्हती असे आता लक्षात येते. पिवळे दिसले आणि मी पुढे गेलो.

आता दोनशे चौदावे ठिकाण. मी आपल्याशी खोटे बोललो. अर्पणपत्रिका होती. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर, पिवळ्याखाली. तिच्या अक्षरात एकच ओळ:

‘ज्यांनी मला कवियत्री कधी लिहू दिले नाही, त्यांना.’

मी ती टंकलेखनाच्या पहिल्याच दिवशी वाचली तेव्हा असा अर्थ लावला की, मी तिला आयुष्यभर लिहू दिले नाही अशी तिची तक्रार होती. लग्नाआधी ती कविता करीत असे, हे आपल्याला ठाऊक असेलच. पहिल्या वर्षी तिने मला तीन दाखवल्या होत्या. मी त्यांतील मात्रा मोजून दिल्या. चौथी आली नाही. तेव्हा तक्रार रास्त होती. पण तिने ती लिहिली आणि नंतर दयेने रद्द केली, असे मी मानले. आणि त्या दयेच्या आधारावर हे महिने काढले. आता आपण सांगता की पिवळे म्हणजे ‘काही झाले तरी गाळायचे नाही’. म्हणजे दया नव्हती. तर तसे असो. ओळ छापली जाईल. तो तिचा अधिकार आहे.

एक विनंती, विषय निराळा. आपल्या विभागात त्या कारकुनाच्या हातचे दुसरे कागद, म्हणजे त्याच्या कचेरीचे दप्तर, आहे काय? असल्यास त्यातील हरताळ कसा आहे ते पाहून कळवावे. तीस वर्षे कचेरीत दुरुस्त्या करणाऱ्या माणसाचा लेप झडतोच कसा, हा प्रश्न मला मसुदेकार म्हणून छळतो आहे. आमच्या विभागात पुसलेला शब्द पुन्हा दिसला तर शिक्षा होत असे.

आपला


९ मार्च

प्रिय भावोजी,

आधी तुमचा कारकून, कारण तो सोपा आहे.

तीस वर्षं या विभागात काढली, पण त्या माणसाच्या कचेरीचे कागद त्याच्या बायकोच्या पोथीशेजारी ठेवून पाहावेत हे ना मला सुचलं ना भिंगरीला. आम्ही दोघी त्याच्यावर रागावण्यात गुंतलो होतो. तुमचं पत्र आलं आणि तळघरातून तीन गठ्ठे काढले. तेच अक्षर, तोच बाकदार ‘क’. त्यांतला हरताळ जसाच्या तसा आहे. गुळगुळीत, चकचकीत, नख लावलं तरी निघत नाही. खाली काय होतं ते यंत्रालाही दिसत नाही. भरपूर डिंक घातलाय, नीट खललाय.

पोथीतला हरताळ मग भिंगाखाली पाहिला. त्यात डिंक नाहीच, भावोजी. नुसती पूड पाण्यात कालवून लावली आहे. वाळल्यावर वर पिवळं दिसावं, आणि हात लागला की झडावं. एका पानावर चुकून नाही. सगळ्या पोथीभर.

मी डिंक ओळखते. न घातलेला तर जास्तच ओळखते. त्या माणसाला काम येत होतं, हे तीन गठ्ठे सांगतात. दरबारातल्या लोकांसाठी त्यानं झाकलं आणि पुढं कधी कुणी येईल त्याच्यासाठी कच्चं ठेवलं. हे मी सिद्ध करू शकत नाही. पण तुम्ही विचारलं नसतं तर कळलंही नसतं. याची एक टीप पुस्तकात हवी, आणि ती तुम्ही लिहायची.

आता अर्पणपत्रिका.

तुमचं पत्र वाचून मी कपाट उघडलं. तिची पत्रं चपलांच्या सहा खोक्यांत आहेत. परवा आणि काल मी तेवढाच एक शब्द शोधला. कॉलेजपासून शेवटच्या जुलैपर्यंत, विणकरणीच्या निमित्तानं तर शेकडो वेळा, तिनं तो शब्द मला लिहिला आहे. एकदाही चुकलेला नाही. सगळीकडे ‘कवयित्री’. व-ला वेलांटी नाही, य-ला ऱ्हस्व इकार. तुमच्यासारखा.

तिला तो शब्द येत होता, भावोजी.

मग नऊ वर्षांपूर्वीचं, तुम्ही निवृत्त झालात त्या वर्षीचं पत्र पुन्हा वाचलं. तेव्हा मी ते हसून सोडून दिलं होतं. तिनं लिहिलंय: ‘हे घरी बसल्यापासून वर्तमानपत्राचे शुद्धलेखन तपासतात. काल दूधवाल्याच्या चिठ्ठीतला अनुस्वार दुरुस्त केला. हाताला काम नसले की हे माणूस वाळत जाईल. माझी प्रकरणे द्यावी म्हणते, पण त्यांत चुका कुठून आणू? एखादी पेरावी लागेल.’

एकच पेरली. दर प्रकरणात तीच. तुम्ही दर वेळी लाल गोल करून खोलीत यायचात, तिच्या शेजारच्या खुर्चीत बसून समजावून सांगायचात, आणि मग तिथंच तासभर थांबायचात. हेही तिनंच मला लिहिलंय. म्हणाली होती, ‘एवढ्या एका इकारावर संध्याकाळ निघते.’

आता ती ओळ पुन्हा वाचा. ‘ज्यांनी मला कवियत्री कधी लिहू दिले नाही.’ अहो, खरंच लिहू दिलं नाहीत तुम्ही! एकशे त्र्याहत्तर वेळा!

त्या तीन कवितांचं मला माहीत नाही. मात्रा मोजायला नको होत्या, एवढं म्हणते. पण ही तक्रार नाही. ही थट्टा आहे, आणि थट्टा तिनं फक्त तिच्या माणसांची केली.

डिंका


१४ एप्रिल

प्रिय डिंका,

उत्तरास महिन्याहून अधिक काळ लागला. या पत्राचे चार मसुदे झाले आणि चारही शुद्ध होते, म्हणून टाकून दिले.

कारकुनाच्या हरताळावरची टीप आठ ओळींची झाली आहे. सोबत पाठवीत आहे. तिच्यात ‘कदाचित’ हा शब्द तीन वेळा आला आहे. मसुदा विभागात एकदाही चालला नसता. आपण तपासावी आणि योग्य वाटेल तितका डिंक घालावा.

दुसरी मुद्रिते गेल्या सोमवारी आली. एकेचाळिसावे पान बरोबर आहे. मी ते मोठ्याने वाचले. घरात कोणी नव्हते, तरी वाचले.

पाचव्या पानावर मात्र घोटाळा झाला होता. छापखान्यात एक तरुण मुद्रितशोधक आली आहे. अतिशय दक्ष. तिने अर्पणपत्रिकेतील शब्द शुद्ध केला. त्यामुळे ओळ अशी झाली: ‘ज्यांनी मला कवयित्री कधी लिहू दिले नाही, त्यांना.’ एका इकाराने माझ्यावर केवढा आरोप आला पाहा. आणि तोही व्याकरणशुद्ध. मी समासात लाल पेन्सिलीने लिहिले, ‘मूळ चूक कायम ठेवावी.’ आज सकाळी तिचा फोन आला. या खेपेस मी उचलला.

‘सर, पान पाचवर तुम्ही चुकून चुकीचा शब्द लिहिलाय.’

‘चुकून नाही.’

‘पण सर, कवयित्रीमध्ये य-ला वेलांटी असते. व-ला नाही. पुष्कळ लोक चुकतात.’

‘असते.’

‘बाकी पुस्तकात सगळीकडे बरोबर आहे. हा एकच राहिला तर लोक तुम्हाला नावं ठेवतील. म्हणजे, बाईंना ठेवतील.’

‘त्यांना हा शब्द उत्तम येत होता,’ मी म्हणालो.

फोनवर पाने उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, ‘मग सुरुवातीलाच चूक कशाला छापायची, सर?’

डिंका, एकतीस वर्षे मी असल्या प्रश्नांना नियम आणि पोटनियमासह उत्तरे दिली आहेत. आज पहिलेच नियमाबाहेरचे दिले. मी म्हणालो, ‘बाळ, ती मला दुरुस्त करायला दिली होती. मी करणार नाही.’

‘बरं,’ ती म्हणाली. ‘पिवळं लावून ठेवते, म्हणजे कुणी हात लावणार नाही.’

तुझा,
भावोजी